घाट, कंत्राटदार आणि बग

हिमायतनगरकडून नंदिग्रामने मुंबईला येताना कसाऱ्याचा घाट लागतो. बोगदे मोजायची सवय लहानपणापासूनची! पण आजची गोष्ट त्याच्या थोरल्या भावाची, बोरघाटाची.

जीआयपी रेल्वेचा १८४९ चा करार असा, की भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारची. म्हणजे काम महाग पडलं तरी भागधारक निश्चिंत, भार इथल्या करदात्यावर. घाटाचं डिझाइन कंपनीचे चीफ इंजिनियर जेम्स बर्कली यांचं. बांधायचं कंत्राटदाराने.

१८५६ मध्ये फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सुरू केलं. १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने काम सोडलं. काही काळ कंपनीनेच ते रेटलं. मग आला सॉलोमन ट्रेडवेल. तो इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. जाणत्या इंजिनियरांच्या हाती कामाची व्यवस्था देऊन तिने ते तडीला नेलं. १८६१ मध्ये घाटात ४२ हजार माणसं राबत होती. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला : सुमारे पावणेसोळा मैल, २५ बोगदे, १८३१ फूट चढ.

आणि १८६७ च्या पावसाळ्यात त्यातला महू-की-मल्ली हा दरीवरचा पूल कोसळला. बोट गेलं ते कच्च्या दगडी बांधकामाकडे.

आता आमच्या धंद्यातला माणूस लगेच विचारेल, बग कुणाचा? नकाशा एकाचा, बांधणी दुसऱ्याची, तपासणी तिसऱ्याची. घाटाचं काम तर तीन हातांतून गेलेलं. अशा वेळी प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

'डिझाइन-बिल्ड' कंत्राट यावरच उतारा म्हणून निघालं. मालकाने काय हवं ते सांगायचं. तपशीलवार डिझाइन आणि बांधकाम दोन्ही एकाच कंत्राटदाराचं. शिवाय सगळे नकाशे पूर्ण व्हायची वाट न बघता खोदाई सुरू करता येते. मुंबई मेट्रो-३ ची भुयारं आणि भूमिगत स्थानकं याच पद्धतीने सात पॅकेजांत दिली गेली. ३३.५ किमीची ती मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. काम चालू असलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवणारी भिंत पडली होती. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

फरक एवढाच की आता कुणाला जाब विचारायचा ते कागदावर स्पष्ट असतं. हे कमी नाही. पण जबाबदारी एकाकडे दिली म्हणून आपली नजर काढून घेता येत नाही. उलट डिझाइन करणारा आणि बांधणारा एकच असला, तर त्याची चूक पकडणारा तिसरा माणूस जास्तच लागतो. आमच्याकडेसुद्धा ज्याने कोड लिहिला त्यालाच टेस्टिंग देत नाहीत.

पाऊस करारनामा वाचून पडत नाही. १८६७ लाही नाही, २०२५ लाही नाही.