चतुर (लोकसंकेत)

चतुर : पावसाची चाहूल व रूपांतर यांचे प्रतीक मानला जाणारा, ओडोनेटा गणातील पंखधारी कीटक. संकेताचे मूळ त्याच्या जीवनक्रमात आहे. डिंभ पाण्यात वाढतो. मग देठावर चढतो, पाठ उकलते, ओलसर चुरगळलेले पंख उलगडतात आणि पोकळ कात देठालाच चिकटून राहते. भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरी (ता. तुमसर) भागात माजी मालगुजारी तलाव व भातखाचरे (पहा : मामा तलाव) हा त्याचा अधिवास. चतुर थव्याने खाली उडू लागले की पाऊस जवळ आला, ही समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. पँटाला फ्लेव्हेसेन्स ही जाती खरोखरच मोसमी वाऱ्यांबरोबर स्थलांतर करते. पुराणांतील देववाहनांत चतुर नाही. जपानमध्ये मात्र ‘काचिमुशी’ (विजयकीटक) म्हणून तो सामुराईंच्या शिरस्त्राणांवर आढळतो. (पहा : टाचणी).