अरबी अव्ययांचा अर्थ आणि सुरावट : व्याकरणपरंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जर्मन प्राच्यविद्यापंडित गोटहेल्फ बेर्गश्ट्रेसर यांनी १९२९ मध्ये कैरो येथे अरबी भाषेच्या विकासावर व्याख्याने दिली. प्राचीन व्याकरणकारांनी व कुराणपठणाच्या आचार्यांनी सुरावटीचा उल्लेखच केला नाही, याबद्दल त्यांनी त्यांत आश्चर्य व्यक्त केले. हे मत पुढे बराच काळ प्रमाण मानले गेले. ते कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात अव्ययांच्या संदर्भात केला आहे.

प्राचीन साक्षी

मोसुल येथील व्याकरणकार इब्न जिन्नी (मृत्यू १००२) यांच्या 'अल-खसाइस' या ग्रंथातील विशेषणलोपाचे विवेचन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. 'वल्लाह, तो माणूस होता' या वाक्यात प्रशंसावाचक विशेषण नाही. तरीही बोलणारा 'अल्लाह' शब्दातील 'ल' लांबवतो व त्यावर आवाज ताणतो, तेव्हा ऐकणाऱ्यास 'शूर', 'उदार' असा अर्थ कळतो, असे ते सांगतात. निंदा करताना कपाळाला आठ्या घातल्या की तशाच रचनेतून 'क्षुद्र', 'कंजूष' असा उलट अर्थ निघतो. म्हणजेच गाळलेल्या शब्दाचे कार्य आवाज व मुद्रा करतात.

दुसरी साक्ष अधिक नेमकी आहे. अरबीतील 'मा' हे अव्यय नकारार्थी, प्रश्नार्थक किंवा संबंधदर्शक असू शकते. चौदाव्या शतकातील पठणशास्त्रज्ञ मुहम्मद इब्न महमूद अल-समरकंदी यांनी 'मा कुल्तु' हे उदाहरण घेतले. 'मा'वर आवाज चढविल्यास नकार, उतरविल्यास निवेदन आणि मध्यम ठेवल्यास प्रश्न समजावा, असे त्यांनी नोंदविले आहे. इब्न हिशाम यांचा 'मुग्नी अल-लबीब' हा अव्ययांच्या अर्थांची विस्तृत चर्चा करणारा ग्रंथही त्याच शतकातला. मात्र त्यात अर्थनिश्चितीचा मुख्य आधार वाक्यरचना हाच आहे.

दुर्लक्षाची कारणे

या साक्षी दीर्घकाळ का दुर्लक्षित राहिल्या? 'अल-खसाइस'ची मुहम्मद अली अल-नज्जार संपादित संपूर्ण आवृत्ती १९५० च्या दशकात कैरो येथे प्रसिद्ध झाली. पठणशास्त्राचे ग्रंथ मुख्यतः हस्तलिखितांतच होते. समरकंदींच्या उताऱ्याकडे गानिम कद्दूरी अल-हमद यांच्या १९८६ मधील ग्रंथाने लक्ष वेधले. शिवाय व्याकरणाचा भर शब्दान्त्य विकारांवर होता आणि पठणाचा सूर गुरुमुखातूनच शिकला जाई. जे कानाने मिळत होते, ते लिहून ठेवण्याची निकड भासली नसावी.

आधुनिक अभ्यास

विसाव्या शतकात इब्राहीम अनीस यांनी सुरावटीस 'मूसीका अल-कलाम' म्हणजे 'वाणीचे संगीत' म्हटले. लंडन येथे शिकलेले तम्माम हस्सान (१९१८–२०११) यांनी १९५५ मधील ग्रंथात 'तन्गीम' ही संज्ञा वापरली व ती रूढ झाली. बोलभाषांच्या अभ्यासामुळे या विषयास नवे क्षेत्र लाभले. कैरो किंवा दमास्कसच्या बोलीत उतरत्या सुरातील 'तय्यिब' संमती दर्शविते, तर लांबविलेले 'तय्यिब' धमकीचे असू शकते. 'वल्लाह' उतरत्या सुरात शपथ, तर चढत्या सुरात 'खरंच का?' असा प्रश्न होतो. 'या सलाम' कौतुकाचे की उपरोधाचे, हे तर सूरच ठरवितो. अरबी लिपीत या भेदांची खूण नाही. प्रश्न व उद्गार यांची चिन्हेही अर्वाचीन आहेत.

निष्कर्ष

बेर्गश्ट्रेसर यांचे मत अंशतः खरे आहे. प्राचीन ग्रंथांत सुरावटीवर स्वतंत्र प्रकरण वा सुसंगत पद्धती आढळत नाही. परंतु संज्ञेचा अभाव म्हणजे निरीक्षणाचा अभाव नव्हे. इब्न जिन्नी यांनी 'वल्लाह'मध्ये जे ऐकले, तेच आजचा अभ्यासक ध्वनिमुद्रणात ऐकतो. एखाद्या विद्यापरंपरेला काय ठाऊक नव्हते, हे केवळ मुद्रित ग्रंथांवरून व आधुनिक परिभाषेच्या शोधातून ठरविणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, हेच यावरून स्पष्ट होते.