वास्तूचा आवाज कोण जपणार?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. छत्रपती शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१५ पासून 'पॅलेस थिएटर' म्हणून ओळखले गेलेले हे नाट्यगृह. त्याचे छप्पर व रंगमंच जळाले, दगडी भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. पुढे पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. भिंतींची मापे पुन्हा घेता येतात. पण ध्वनिवर्धकाशिवाय नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, ही या नाट्यगृहाची ख्याती होती. ती कोणत्या पट्टीने मोजायची?

नाहीशा झालेल्या वास्तूत पुन्हा हिंडवून आणणारे तंत्र म्हणून आज 'आभासी वास्तवा'चे नाव घेतले जाते. त्याचे मूळ मात्र जुने आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे दोघांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये याच तत्त्वावरचे उपकरण मांडले. आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिलने लेण्यांची अशी जोडछायाचित्रे काढली. ती १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलने अनेक वर्षे खपून केलेल्या रंगीत नकलांपैकी बहुतेक तीत गेल्या. छायाचित्रांच्या अनेक प्रती असल्याने ती उरली. आज डोळ्यांवर चढवायच्या यंत्रातही दोन डोळ्यांना दोन चित्रेच दाखवतात. भर पडली ती एवढीच, की मान वळवली की चित्रही बदलते.

अर्थात, असे चित्र पाहायला छान असले तरी त्यावरून गवंडी भिंत बांधू शकत नाही. त्यासाठी मापे लागतात. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे लेसर-मापन अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१० च्या सुमारास केले होते. लेसरचा झोत दगडावर आपटून परत येतो, त्यावरून अंतर कळते. असे अब्जाहून अधिक बिंदू जमले. एप्रिल २०१९ मध्ये चर्चचे छप्पर जळाले, तेव्हा टॅलन हयात नव्हते. त्यांची मापे होती.

याच चर्चमध्ये ब्रायन कॅट्झ यांच्या गटाने २०१३ मध्ये आवाजही मोजला होता. आगीनंतर पुन्हा मोजले, तेव्हा आवाज विरायला लागणारा काळ सुमारे २० टक्क्यांनी घटलेला आढळला. घुमटाकार छताला भोके पडली होती, आवाज तिथून निसटत होता. आधीचे आकडेच नसते तर ही घट कळली असती कशी?

या मोजणीचा पाया वॉलेस सॅबिनने घातला. हार्वर्डमधले एक व्याख्यानगृह फार घुमत असे. १८९५ पासून सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे मांडी आणि आवाज किती वेळात विरतो ते टिपून घेई. (पहाटेपूर्वी गाद्या परत न्याव्या लागत!) जागेचे आकारमान वाढले की हा काळ वाढतो आणि आवाज शोषणारे पृष्ठ वाढले की तो घटतो, असे त्याला दिसले. म्हणजे नाट्यगृह हुबेहूब दिसले, पण छताला वेगळा पत्रा, खुर्च्यांना जाड फोम आणि भिंतींना वेगळा गिलावा आला, तर आवाज वेगळा होतो. माझ्या मते पुनर्बांधणीत रंगापेक्षा या तीन गोष्टींवर जास्त वाद व्हायला हवा.

शिक्षकांना वर्गातच हे करून पाहता येईल. शाळेच्या सभागृहात रंगमंचावर एक फुगा फोडावा आणि मागच्या रांगेत मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. सभागृह रिकामे असताना एकदा, मुले बसल्यावर एकदा. तारीख आणि फुग्याचा आकार लिहून ठेवावा. सहलीला खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात गेलात, तर फुगा नको. परवानगी घेऊन एका मुलाने एकच टाळी वाजवली तरी पुरे.