कसीनोचा मठाधिपती

थोरले आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९४४च्या मे महिन्यात आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ते इटलीत, गारी नदीच्या काठी होते. "वर डोंगरावर नुसता पांढरा ढिगारा. तिथनं जर्मन टिपायचे बघ," असं ते सांगायचे. तो ढिगारा म्हणजे मोंते कसीनोचा मठ. संत बेनेडिक्टने इ. स. ५२९मध्ये स्थापलेला.

आबांनी सांगितलं ते खरंच होतं. मेमध्ये जर्मन तिथे होते. पण फेब्रुवारीत, मठ उभा होता तोवर, नव्हते, आणि हे ज्याला सर्वांत पक्कं ठाऊक होतं तो माणूस म्हणजे मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे. वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या ऑक्टोबरात श्लेगेल नावाचा एक ऑस्ट्रियन अधिकारी वर आला आणि म्हणाला, ग्रंथ हलवा, इथे लढाई होणार. म्हाताऱ्याचा आधी विश्वासच बसेना. शेवटी हस्तलिखितं ट्रकांत चढली, बहुतेक साधूही गेले. दियामारे मात्र चार-पाच साधूंना घेऊन तिथेच राहिले. आसऱ्याला आलेल्या गावकऱ्यांना सोडून जायचं कुठे?

मठावर बॉम्ब टाका, अशी मागणी चौथ्या हिंदी डिव्हिजनचे जनरल टकर यांची होती. आपलीच पोरं त्या चढावर मरत होती. त्यांच्या जिवाची काळजी खोटी म्हणता येत नाही. १४ तारखेला इशाऱ्याची पत्रकं पडली. १५ फेब्रुवारीच्या सकाळी मठाधिपती प्रार्थनेत असताना पहिला बॉम्ब कोसळला. मेले ते आसऱ्याला आलेले गावकरी, बायका-पोरांसकट. त्यानंतर जर्मन पॅराट्रूपर ढिगाऱ्यात शिरले, आणि मोडक्या भिंतींआड त्यांना पक्का आडोसा मिळाला. वर चढलेल्या राजपुताना रायफल्सनी आणि गुरख्यांनी त्याची किंमत मोजली.

१७च्या पहाटे दियामारे मोठा लाकडी क्रूस पुढे ठेवून वाचलेल्यांना घेऊन खेचरांच्या वाटेने उतरले. जखमी, म्हातारे, पोरं, एकामागोमाग एक, दिंडीच म्हणावी. कार्लोमान्नो नावाचा वृद्ध धर्मबंधू वाटेत मागे फिरला आणि त्या ढिगाऱ्यातच राहिला.

खाली जर्मनांनी म्हाताऱ्याला रेडिओसमोर बसवलं. त्यांना प्रचार हवा होता. दियामारेंनी जे पाहिलं तेच सांगितलं, मठात एकही जर्मन सैनिक नव्हता, आणि तसं सही करून लिहूनही दिलं. सप्टेंबर १९४५मध्ये ते वारले. त्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी लढलेली आबांची पलटण तोवर हयात होती, पण ती सही त्यांच्यापर्यंत कुणीच पोहोचवली नाही.