ओहरिडकर पतंग

सरकारी कचेरीत जुन्या फायली सांभाळत माझी अर्धी नोकरी गेली. कागद ज्या कामासाठी जपला, त्याच कामाला येतो असे नाही, हे तिथेच कळले. एका इवल्याशा पतंगाची हकीकत वाचताना त्याची आठवण झाली.

1984 च्या सुमारास, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील मॅसिडोनियात, ओहरिड सरोवराजवळ हॉर्स चेस्टनट या झाडांची पाने ऐन उन्हाळ्यात करपलेली दिसली. अपराधी सापडला तो जेमतेम 5 मिलिमीटर लांबीचा. तपकिरी पंख, त्यावर काळ्या कडेचे पांढरे पट्टे, दिसायला देखणाच. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला हिरवा गर खाते. 1986 मध्ये देश्का आणि दिमिच यांनी त्याचे बारसे केले: कॅमेरारिया ओहरिडेला. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली, आणि 'एला' हे शेपूट बारीक पतंगांना लावण्याची प्रथा लिनियसपासूनची. आपल्या भाषेत सरळ 'ओहरिडकर' म्हणा ना!

1989 मध्ये हा ओहरिडकर ऑस्ट्रियात दिसला, 2002 मध्ये लंडनच्या विंबल्डनमध्ये. झाड सहसा मरत नाही, पण पाने अकाली गळतात, बिया लहान राहतात. मग चौकशी सुरू झाली, हा मूळचा कुठला? या कुळातील बहुतेक पतंग अमेरिकेतले. तेव्हा हाही परकाच असणार, असा काहींचा कयास. उपद्रवी प्राणी बाहेरचा ठरला की सगळ्यांनाच बरे वाटते.

उत्तर मिळाले ते वाळलेल्या पानांच्या संग्रहात. डेव्हिड लीस आणि सहकाऱ्यांनी जुने नमुने तपासले, आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केले की दाबून ठेवलेल्या पानांत याच अळ्या आहेत. त्यांचा डीएनएसुद्धा जुळला. सर्वांत जुना नमुना 1879 चा, ग्रीसमधला, हेल्ड्राइख या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केलेला. गंमत अशी की हेल्ड्राइख तेव्हा झाडाचेच मूळ गाव शोधत होता. हॉर्स चेस्टनट आशियातले, असे युरोपात दीर्घकाळ मानत; काही जण तर ते हिंदुस्थानातले म्हणत. ते ग्रीसच्या डोंगरांतले आहे हे त्याने दाखवले. त्याच्याच पानांत पतंगाचाही पत्ता होता. पण त्या अळीच्या जातीला नाव मिळायला आणखी 107 वर्षे लागली.