वृत्तपत्रस्वातंत्र्य, अमेरिकेतील (आरंभकाळ)

अमेरिकेतील भाषण व मुद्रणस्वातंत्र्याच्या हमीमागे वसाहतकाळातील राजद्रोहाच्या खटल्यांचा अनुभव आहे. इंग्लिश कायद्यात सरकारवरील टीका हाच गुन्हा होता. मजकूर खरा असला तरी सुटका नव्हती आणि ज्यूरीने फक्त तो छापला की नाही एवढेच ठरवायचे असे. न्यूयॉर्कचा गव्हर्नर विल्यम कॉस्बी याच्यावर टीका छापल्याबद्दल जॉन पीटर झेंगर हा जर्मन वंशाचा मुद्रक १७३४ मध्ये तुरुंगात गेला. ऑगस्ट १७३५ मधील सुनावणीत वकील अँड्र्यू हॅमिल्टन याने छपाई सरळ कबूल केली आणि सत्यकथन गुन्हा ठरूच शकत नाही, असे ज्यूरीला पटवले. न्यायाधीशाचा रोख डावलून ज्यूरीने झेंगरला निर्दोष ठरवले. या धाडसी निकालाने कायदा बदलला नाही, पण लोकमत निश्चित बदलले.

व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात मुद्रणस्वातंत्र्याला स्थान मिळाले. १७८७ च्या संविधानात मात्र ते नव्हते. जेम्स मॅडिसनने १७८९ मध्ये मांडलेल्या दुरुस्त्यांतून पहिली घटनादुरुस्ती साकारली व १५ डिसेंबर १७९१ रोजी अंमलात आली. तिचे बंधन केवळ काँग्रेसवर, म्हणजे केंद्रीय विधिमंडळावर होते. तरीही सातच वर्षांत काँग्रेसने राजद्रोहाचा कायदा करून विरोधी संपादकांना तुरुंगात धाडले. १८०१ मध्ये तो संपुष्टात आला. राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने शिक्षा झालेल्यांना माफी दिली.