मुलांचा लठ्ठपणा: प्रोबायोटिक देऊन वजन उतरते का?

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. आपल्याला न पचणारे अन्नातील तंतू आंबवून ते आतड्याच्या अस्तराला पोषक अशी आम्ले तयार करतात. लठ्ठ मुलांमध्ये या जिवाणूंचे प्रमाण वेगळे आढळते. पण ते लठ्ठपणाचे कारण की परिणाम, हे अजून सिद्ध झालेले नाही.

मुलांवरील प्रोबायोटिकचे बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे केवळ वजनासाठी ती देऊ नयेत. ड जीवनसत्त्व किंवा लोह तपासणीत कमी आढळले, तर त्यांचे औषध द्यावे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना प्रोबायोटिकमुळे क्वचित गंभीर संसर्ग होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार रोज किमान इतके तंतू हवेत:

- २ ते ५ वर्षे: १५ ग्रॅम
- ६ ते ९ वर्षे: २१ ग्रॅम
- १० वर्षांपुढे: २५ ग्रॅम

भाकरी, मटकीची उसळ, भाज्या आणि रसाऐवजी अख्खे फळ यांतून ते मिळतात. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगते. हा बदल एकट्या मुलासाठी नको, घरातल्या सर्वांच्या ताटात करा.

मानेवरची त्वचा काळी-जाड झाली असेल किंवा मूल झोपेत घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.